वीज पडलेल्या बाभळीचा बेंच

दादा,

तुला कुणी नेलं ते गावात सगळ्यांचं ठरलेलं आहे. तुझा जलदान विधी व्हायच्या आधीच ठरलं होतं. भिगवणच्या बाजारात भाजी घेताना शेजारी उभ्या असलेल्या एका बाईनं मला, तुझ्या सख्ख्या बहिणीला, न ओळखता सांगितलं, "डाळजात एकानं वीज पडलेलं झाड घरात आणलं. वरीस-दीड वर्सात गेला बगा." मी मेथीची जुडी हातात धरून उभी राहिले. "हार्ट अटॅकनं गेला तो," मी म्हणाले. ती म्हणाली, "ते झालं निमित्त."

आठवी ते दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवणारी बाई मी. निमित्त आणि कारण यांतला फरक समजावून सांगण्यात माझी निम्मी नोकरी गेली. पण त्या दिवशी बाजारात त्यापुढं माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. का फुटला नाही, ते तुला सांगायचं आहे. दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही.

ती बाभळ आपल्या आणि भिकूआबांच्या सामाईक बांधावर होती. मी पाचवीत असताना तिच्यावर वीज पडली आणि खाली आडोशाला उभा असलेला आबांचा धाकटा भाऊ, नामा, जागच्या जागी गेला. झाड मात्र मेलं नाही. एका अंगानं काळं पडलं, दुसऱ्या अंगानं पालवत राहिलं. पुढं चाळीस वर्षं त्याच्या खालून कुणी गुरं नेली नाहीत की त्याची वाळकी फांदी कुणी चुलीत घातली नाही. मी तर झोपेत ओरडत उठायचे. तू तेव्हा वालचंदनगरला सुतारखात्यात नुकता लागला होतास, ओतकामाचे लाकडी साचे बनवायला. सुट्टीला आलास, आईनं तुला माझं ओरडणं सांगितलं, आणि तू भर दुपारी माझ्या मनगटाला धरून मला बांधावर घेऊन गेलास. माझा तळवा त्या काळ्या सालीवर दाबून धरलास. मी रडत होते.

"हात बघ. काय लागलंय?"

"काळं."

"काळं म्हंजे काय? कोळसा. चुलीतल्या कोळशाला भेतीस का तू?"

परत येताना म्हणालास, "भ्या वाटलं की लांबनं बघत बसायचं न्हाय, सुमे. जवळ जायचं."

मी विज्ञानाची बाई झाले ती त्या दुपारी. बी.एस्सी. आणि बी.एड. नंतरचं. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. आपल्या घरात असलं बोलायची रीत नव्हती.

निवृत्त होऊन तू डाळजला परत आलास, घरामागं पत्र्याची शेड मारलीस आणि जमिनीवर बसून रंदा मारायला लागलास. चार महिन्यांत गुडघे धरले. मग उभं राहून काम करायच्या बेंचचा ध्यास घेतलास. आयुष्यभर कंपनीच्या बेंचवर काम केलं, आता एक आपला पाहिजे. सागवानाला तू नाक मुरडलंस. "सागवान शोकेसला. रोजचा हाण खायला बाभळच लागती." आणि बाभळ तर बांधावर उभीच होती.

तोडायच्या दिवशी मी होते. भिकूआबा काठी टेकत आले आणि तुझ्या आणि झाडाच्या मधे उभे राहिले.

"गौतमराव, पाडायची तर पाडा. वाटा मला नगं. पर ते लाकूड घरात आणू नगा."

"आबा, लाकूड हाय ते."

"एकाला खाल्लंय तिनं. चव लागलेली हाय."

तू त्यांच्या खांद्यावर हात ठेवलास आणि वीज उंच झाडावरच का पडते, खोडातून जमिनीत कशी जाते, ते त्यांना समजावायला लागलास. चांगलं समजावत होतास. मी वर्गात सांगते त्यापेक्षा सोपं. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते खरं आसंल. पर नामा माझा व्हता, तुमचा न्हाय." मग ते घराकडं वळले, आणि पहिली कुऱ्हाड पडेपर्यंत त्यांनी मागं वळून बघितलं नाही.

इंदापूरच्या आरागिरणीत खोडाच्या फळ्या पाडताना मधेच करवतीचं पातं तुटलं. आवाज बंदुकीसारखा झाला. गिरणीवाल्यानं मशीन बंद केलं आणि खोडापासून चार पावलं मागं सरकला. "कुठलं झाड हे?" त्यानं विचारलं. तू खरं ते सांगितलंस. पुढच्या फळ्या पाडायला तो तयार होईना. तू स्वतः पटाशीनं ती जागा खणलीस आणि आतून बोटाएवढी लोखंडी कडी काढून त्याच्या हातावर ठेवलीस. जनावरं बांधायला कुणीतरी कधीकाळी ठोकलेली, झाडानं वाढता वाढता पोटात घेतलेली. "ही बघा तुमची भुताटकी," तू हसलास. गिरणीवाला हसला नाही. मीही हसले नाही, दादा. तेव्हा तुला कळलं होतं का?

फळ्या शेडमध्ये एकावर एक रचून, मधे बारीक पट्ट्या घालून तू त्या वर्षभर वाळवल्यास. त्या वर्षात म्हैस गाभडून रेडकू गेलं, वहिनी मोरीत घसरून पडली, बोअरचं पाणी खाली गेलं. प्रत्येक गोष्ट बाभळीच्या नावावर लागली. "आख्ख्या शिवारातलं पानी खाली गेलं," तू ओरडायचास, "सगळ्यांच्या घरात काय बाभळीच हायत्या?" वहिनीनं शेडच्या चौकटीला लिंबू-मिरची बांधली. तू तोडलीस. तिनं परत बांधली. आपल्या घरात, जिथं आप्पांनी आईला एक उदबत्तीसुद्धा कधी बुद्धमूर्तीखेरीज कुठं लावू दिली नाही.

आणि मग जानेवारीतला तो रविवार.

मी बारामतीहून एकटीच गाडी चालवत आले. बांधाच्या वळणावर आबांनी हात करून गाडी थांबवली.

"पोरी, भावाला समजाव तुझ्या. मला लक्षण बरं दिसत न्हाय."

"आबा, असलं काही नसतं हो."

"नसंल. पर त्याच्या तोंडाकडं एकदा नीट बघ."

शेडमध्ये गेले तर तू वरचा फळा रंदत होतास. तीन जाड फळ्या कडेला कड चिकटवून केलेला, तीन बोटं जाडीचा, गडद तांबडा फळा. पाय तयार होऊन उभे होते, चार-चार इंच जाडीचे, एकही खिळा न मारता आडव्या लाकडांत खाचा पाडून बसवलेले. तू मला प्रत्येक सांधा दाखवलास, नख घालून बघ म्हणालास. नख जात नव्हतं. साठी उलटलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर पहिलीतल्या पोराचा आनंद होता. आणि त्या आनंदाखाली तुझं तोंड ओल्या सिमेंटच्या रंगाचं होतं.

मी नीट बघितलं, दादा. आबांनी सांगितलं होतं म्हणून बघितलं. थंडीच्या दिवसांत, सकाळी साडेनऊला, तुझा सदरा पाठीला चिकटला होता. दहा-बारा हात मारलेस की थांबत होतास. उजव्या हातानं डावा दंड दाबत होतास, आणि मग जबडा चोळत होतास, दाढ दुखल्यासारखा.

"काय होतंय?"

"काय न्हाय. पित्त झालंय. आन रंद्यानं हात भरून आलाय."

"डॉक्टरला दाखव की."

"तू मार तासभर रंदा. मग तुझा हात बघू आपण."

मी हसले. हृदयाचा धडा मी वर्गात शिकवते. दंड, जबडा, घाम, ही कशाची लक्षणं ते मला पाठ आहे. पण त्या क्षणी माझ्या मनात धडा आलाच नाही. मनात आलं ते एवढंच, की हा जाणार. आणि त्यापाठोपाठ आलं, अगं बाई, आबांचं भूत तुझ्या मानगुटीवर बसलं. बांधावर एका म्हाताऱ्यानं चार शब्द काय सांगितले, लगेच तुला भावाच्या तोंडावर मरण दिसायला लागलं? हेच शिकवतेस का पोरांना? मला माझी इतकी लाज वाटली की मी विषय बदलला. फळ्याला जवसाचं तेल लावणार का, असं काहीतरी विचारलं. तू खूश होऊन तासभर बोललास.

बारामतीला परत येताना सगळा रस्ता मी स्वतःला रागावत होते. अंधश्रद्धेबद्दल.

तरी ते आतून जाईना. महिना-दीड महिना घुटमळले आणि होळी झाल्यावर, तुला न विचारता, इथल्या हृदयाच्या डॉक्टरांकडं गुरुवारचा नंबर लावला. सोमवारी तुला ते सांगायलाच फोन केला होता. तू उचललास तो भडकलेलाच. वहिनीनं कुणाला तरी बोलावून शेडमध्ये नारळ फोडून घेतला होता. "तू सांग तिला. तुझं ऐकती ती. माझ्या घरात हे चालायचं न्हाय." आणि मी, नंबरचं सांगायचं सोडून, तुला म्हणाले, "एवढं कशाला अंगावर घेतोस? तिला बरं वाटतंय तर फोडू दे नारळ. आबांचा तरी विचार कर. दुसरं लाकूड नव्हतं का जगात?"

मग म्हणालास, "तू पण, सुमे?"

आणि फोन ठेवलास.

परत फोन करायला हवा होता. मी केला नाही. राग उतरू दे, बुधवारी संध्याकाळी करू, असं ठरवलं. मनात तेव्हाही तेच होतं, की आता डॉक्टरचं काढलं तर हा म्हणणार, बाभळीला भिऊन मला दवाखान्यात पाठवतेस. तुझ्या नजरेतून उतरायची भीती मला तुझ्या मरणाच्या भीतीपेक्षा मोठी वाटली. हे लिहिताना हात थांबतो, पण असंच होतं ते.

बुधवारी सकाळी दहाच्या सुमाराला वहिनीला रंद्याचा आवाज थांबल्याचं कळलं. तिला वाटलं, चहाला येशील. चहा गाळून ठेवला. तो निवला तेव्हा ती बघायला गेली. तू फळ्यावर छातीनं ओणवा होतास, गाल लाकडाला टेकवून, कडेनं फळा सरळ आहे का बघताना टेकवायचास तसा. म्हणून तिनं आधी हाकही मारली नाही.

बारामतीच्या दवाखान्यात तुला आणलं तेव्हा मी दारात उभी होते. डॉक्टर बाहेर आले. मी विचारलं, आधी आणलं असतं तर? ते तरुण होते, खोटं बोलायची त्यांना अजून सवय नसावी. म्हणाले, "महिनाभर तरी त्रास होत असणार त्यांना. वेळेत आले असते तर बहुतेक वाचले असते."

तुम्हा दोघांना मूल नव्हतं. अग्नी मी दिला. सरण रचताना कुणीतरी म्हणालं, ते शेडमधलं लाकूडही यातच घाला, म्हणजे इडा टळली. मी इतक्या जोरात "नाही" म्हणाले की माझाच आवाज मला ओळखू आला नाही. तुला त्याच लाकडात जाळलं असतं तर त्यांचं म्हणणं आम्हीच खरं केलं असतं.

जलदान विधी झाला, पाहुणे गेले, आणि वहिनी मला म्हणाली, "सुमन, तो बेंच जाळून टाक. मला त्याच्याकडं बघवत न्हाय."

"बेंचनं काय केलंय वहिनी?"

"काय केलंय? सगळं गाव सांगत व्हतं. मी नारळ फोडला, लिंबू बांधलं, त्यांनी तोडलं. तिनं नेला त्यांना." मग ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "न्हायतर एवढा धडधाकट माणूस असा जातो व्हय?"

तिनं माझ्याकडं बघायचं टाळलं, त्यावरून मला कळलं.

"वहिनी, त्याला दुखत होतं का छातीत?"

ती उठून चुलीकडं गेली. पाठमोरीच उभी राहिली. तशीच म्हणाली, "रातच्याला उठून बसायचे. छाती चोळून द्यायला लावायचे. मला म्हनले, सुमीला सांगू नगं, ती बारामतीला वढून नेती आन बेंच तसाच ऱ्हातो. शपथ घातली व्हती." आणि मग वळून, सरळ माझ्या डोळ्यांत बघून तिनं विचारलं, "झाडानंच नेलं ना गं त्यांना?"

दादा, त्या क्षणी "हो" म्हणणं किती सोपं होतं. तिचं ओझं उतरलं असतं. माझंही. सगळ्या डाळजानं आम्हाला सुटायला एक वाट करून ठेवली होती, त्या वाटेनं आम्हीही गेलो असतो आणि कुणी आम्हाला कधी काही विचारलं नसतं. तूच फक्त उरला असतास तिथं, लाकडाला हात लावून मेलेला एक अडाणी माणूस म्हणून.

मी म्हणाले, "नाही वहिनी. हृदयानं गेला. वेळेत नेलं असतं तर वाचला असता." तिचं तोंड पांढरं पडलं. मी थांबले नाही. "तुम्हाला एकटीला माहीत नव्हतं. मला दिसलं होतं. जानेवारीतच दिसलं होतं. मी नंबर लावला होता आणि त्याला सांगितलं नाही." मग सगळं सांगितलं, आबा, रविवार, फोन, तुझे शेवटचे शब्द.

मी निघाले तेव्हा ती दारापर्यंत आली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

पुढं तीन आठवडे तिनं माझा फोन उचलला नाही. त्या तीन आठवड्यांत मी रोज सकाळी उठले ती एकच विचार घेऊन, की मी माझं मन हलकं करायला एका विधवेच्या छातीवर दगड ठेवून आले. रोज वाटायचं, आज डाळजहून कुणाचा तरी फोन येणार आणि वहिनीचं काहीतरी कळणार. भीती आता पहिल्यासारखी राहिली नाही. ती येते आणि मी तिला हाकलत नाही, उठून गाडीची किल्ली घेते. दोनदा मी बांधापर्यंत जाऊन, चुलीचा धूर निघताना बघून परत आले.

मग एका शनिवारी तिचाच फोन आला. कसं आहे, काय आहे, काही नाही.

"तो फळा उन्हानं पीळ घ्यायला लागलाय. भिंतीला टेकवलेला हाय म्हणून. पायांवर बसवायला पायजे, न्हायतर वाया जाईल. चौघं तरी लागत्याल."

रविवारी मी आणि सुधीर आलो. तुझे दाजी म्हणजे बँकेतला माणूस, पण पाठ अजून चांगली आहे त्यांची. तरी तिघंच झालो. शेजारपाजारच्या कुणाला विचारलं तर जो तो कामात. वहिनी पदर खोचून बाहेर गेली आणि भिकूआबांना घेऊन आली. त्यांना काय सांगून आणलं, मला माहीत नाही. चौकटीत ते थांबले. एक पाय आत, एक बाहेर. मग काठी चौकटीला टेकवली आणि आत आले.

चौघांनी फळा उचलला. किती जड आहे रे तो! तू एकटा त्याला उलटापालटा करायचास. तीन पायांच्या माथ्यावर कोरलेल्या कुशी फळ्याखालच्या खाचांत बसल्या, चौथी बसेना. सुधीर म्हणाले, हातोडी मारू. वहिनी म्हणाली, "हातोडी न्हाय. चिरंल." फळा परत उचलून बाजूला ठेवायला लावला, तुझ्या डब्यातली पटाशी काढली, अंगठ्यावर धार बघितली आणि त्या कुशीच्या एका बाजूनं नखाएवढी ढलपी काढली. परत एक. सुट्टीच्या दिवशी तू घरी करायचास ते काम तीस वर्षं ती शेजारी बसून बघत होती, हे मला माहीत होतं. बघता बघता ती शिकली होती, हे मला माहीत नव्हतं. तुला होतं का?

फळा बसला. आबा घामाघूम झाले होते. मी त्यांना छातीत, हातात काही होतंय का म्हणून दोनदा विचारलं. ते वैतागले. मग दोन्ही हात लाकडावर ठेवून उभे राहिले आणि फळ्याकडं बघतच बोलले.

"त्या दिवशी आमी दोघं बी भिजत व्हतो. मला धार काढायची व्हती. मीच नाम्याला म्हनलो, तू हो बाभळीखाली, भिजू नगं, मी आलोच."

वहिनीनं पटाशी उचलून डब्यात ठेवली.

"चाळीस वर्सं कुनाला सांगितलं न्हाय," ते म्हणाले.

तू असतास तर काहीतरी समजावलं असतंस. वीज, उंची, दोष कुणाचा नसतो, असं काहीतरी, आणि ते बरोबरही असतं. आम्हाला कुणाला ते सुचलं नाही. वहिनीनं स्टूल ओढलं आणि म्हणाली, "बसा आबा." ते बसले. ती चहा करायला गेली. सुधीर फळ्यावरचा भुसा हातानं झाडत राहिले.

दुपार कलली तसं मी निघायची आवराआवर करायला लागले. वहिनी कपबशा विसळत होती. पाठमोरीच म्हणाली, "उद्या शाळा हाय का?"

"आहे. का?"

"न्हाय म्हणलं, ऱ्हातीस का आज."

मी सुधीरना एकट्यांना पुढं पाठवलं.